सीपीयू मेला? थांबा, आधी भिंत बघा!

रात्रीचे साडेनऊ. उद्या सकाळी अकराला प्रेझेंटेशन. जेवण उरकून, कॉफीचा मग घेऊन तुम्ही टेबलाशी बसता, पायाच्या अंगठ्यानं कॅबिनेटचं बटण दाबता (सगळे ते पायानंच दाबतात, उगाच नाही म्हणू नका!) आणि... काहीच नाही. लाइट नाही, फॅनची घरघर नाही. पुन्हा दाबता. मग जोरात दाबता. मग देवाचं नाव घेऊन दाबता. डबा ढिम्म!

पुढचा सीन ठरलेला. फोन जातो तो घरातल्या किंवा बिल्डिंगमधल्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ व्यक्तीला. आमच्या खानदानात ती व्यक्ती म्हणजे मी. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन बरीच वर्षं झाली, पण नातेवाइकांच्या लेखी तिचा अर्थ एकच, हिला प्रिंटरपासून पॉवरपर्यंत सगळं येतं. त्यामुळे ‘ताई, सीपीयू मेला गं’ हे वाक्य मला नवं नाही. (खरं तर सीपीयू म्हणजे आतली ती चौकोनी चिप. पण आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, आणि मी आता तो वाद सोडून दिलाय.)

‘आता डेस्कटॉप वापरतं कोण?’ असं म्हणणाऱ्यांनी जरा आजूबाजूला बघावं. गेमिंगवाले, व्हिडिओ एडिटिंगवाले, आर्किटेक्ट, सीए आणि २०२०च्या लॉकडाउनमध्ये वर्क फ्रॉम होमसाठी घाईघाईनं मशीन घेतलेले आपल्यासारखे कितीतरी जण. ती मशिन्स आता पाच वर्षांच्या पुढे गेलीत. म्हणजे कुरकुरीचं वय झालंय!

तर आजचा फंडा सोपा आहे. मशीन चालू होत नाही याचा अर्थ मशीन संपलं असा नाही. आणि मशीन संपलं तरी तुमचा डेटा संपला असा तर मुळीच नाही. या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवल्या की अर्धं टेन्शन तिथंच जातं. उरलेल्या अर्ध्यासाठी भिंतीपासून सुरुवात करायची आणि एकेक पाऊल आत जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच तमाशा.

‘मेला’ म्हणजे नेमकं काय?

मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारते. कारण ‘चालू होत नाही’चे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींची औषधं वेगळी.

पहिला प्रकार : बटण दाबल्यावर शून्य. दिवा नाही, आवाज नाही. दुसरा : फॅन क्षणभर फिरतो आणि थांबतो. तिसरा : फॅन मस्त फिरतोय, दिवे लागलेत, पण स्क्रीन काळी. तिसऱ्या प्रकारात मशीनला वीज मिळतेय, प्रॉब्लेम पुढे कुठेतरी आहे. तिथं आधी मॉनिटरची केबल आणि त्याचं इनपुट बघा, मग रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवा. रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं हलके पुसायचा रिपेअरवाल्यांचा जुना नुस्खा तुम्ही पाहिला असेलच. तो बऱ्याचदा चालतो.

आज मात्र आपला पेशंट पहिल्या प्रकारचा.

भिंत, बोर्ड, वायर

ज्या सॉकेटमध्ये पीसी लावलाय त्यात मोबाइलचा चार्जर लावून बघा. हसू नका. फरशी पुसताना हललेला प्लग आणि कुणीतरी ‘लाइट वाचवा’ म्हणून बंद केलेलं बटण, यांनी आजवर अनेक पीसी ‘मारले’ आहेत.

मग स्पाइक बस्टर. त्याच्या टोकाला छोटं रीसेट बटण असतं. लोड जास्त झाला की ते टपकन बाहेर येतं. त्यानंतर यूपीएस. घरगुती यूपीएसमधली लेड अॅसिड बॅटरी साधारण तीन-चार वर्षांत थकते, आणि ती पूर्ण गेली की काही यूपीएस घरात लाइट असतानाही आउटपुट द्यायला नकार देतात. म्हणून यूपीएस आणि स्पाइक बस्टर दोन्ही बाजूला ठेवा आणि पीसी थेट भिंतीत लावून बघा.

तरी नाही? मग वायर बदला. नवी आणायची गरज नाही. बऱ्याच मॉनिटरची पॉवर केबल अगदी तशीच असते, ती काढून इकडे लावा. आणि हो, कॅबिनेटच्या मागे वायर जिथं घुसते तिथं एक छोटा स्विच असतो. त्यावर एका बाजूला उभी रेघ, दुसऱ्या बाजूला गोल. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. टेबल सरकवताना हा स्विच दाबला गेला की पुढचं बटण कितीही दाबा, काही होत नाही.

अर्ध्या मिनिटाची झोप

आता एक मोफत उपाय. प्लग भिंतीतून काढा. पुढचं पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. पाच-दहा मिनिटं तसंच सोडा. मग पुन्हा लावून बघा.

हा जादूटोणा नाही. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतला २३० व्होल्टचा करंट घेऊन आत १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देणारी ती पेटी, व्होल्टेज उसळलं किंवा कुठं शॉर्ट झालं की स्वतःला लॉक करून घेते. आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असेपर्यंत ते लॉक टिकू शकतं. प्लग काढून बटण दाबलं की तो चार्ज निघून जातो आणि पेटी कोऱ्या पाटीनं सुरू होते. लाइट जाऊन झटक्यात परत आल्यावर बंद पडलेली मशिन्स कधीकधी एवढ्यावरच उठून बसतात.

त्याच दमात मागची-पुढची सगळी यूएसबी उपकरणं काढून टाका. पेन ड्राइव्ह, हेडफोन, वेबकॅम, सगळं. मग यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. आतली चपटी पट्टी वाकून पिना एकमेकींना चिकटल्या असतील तर पाच व्होल्टची लाइन शॉर्ट होते आणि मशीन चालू व्हायला नकार देतं. कितीतरी ‘मेलेले मदरबोर्ड’ खरं म्हणजे असे वाकलेले यूएसबी पोर्ट असतात.

आता झाकण काढा

घाबरू नका, दोन स्क्रू आहेत. प्लग काढलेला आहे याची खात्री करा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक जाते, आणि काचेचं दार असेल तर ते फरशीवर ठेवू नका, गादीवर ठेवा.

साइड पॅनल बाजूला झालं की प्लग पुन्हा लावा आणि कुठंही हात न लावता मदरबोर्डकडे नुसतं बघा. बऱ्याच बोर्डांवर एक बारीक दिवा असतो. मशीन बंद असतानाही एसएमपीएस ५ व्होल्टची एक ‘स्टँडबाय’ लाइन चालू ठेवतो आणि त्यावर हा दिवा जळतो. दिवा लागलाय? मग वीज बोर्डापर्यंत पोचतेय, संशय बटणावर. तुमच्या बोर्डावर नेहमी जळणारा दिवा आज विझलाय? मग संशय एसएमपीएसवर.

पुन्हा प्लग काढा. रुंद, चोवीस पिनांचा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा आठ किंवा चार पिनांचा कनेक्टर, दोन्ही काढून ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत दाबा.

आता बटणाची परीक्षा. पुढच्या पॅनलवरून बारीक वायरींचा झुपका बोर्डाच्या कोपऱ्यात जातो. त्यातला ‘पॉवर’ लिहिलेला दोन पिनांचा कनेक्टर काढा आणि त्या जागी ‘रीसेट’चा कनेक्टर लावा. दोन्ही बटणं आतून सारखीच असतात. आता रीसेट दाबल्यावर पीसी चालू झाला, तर तुमचा अख्खा पीसी ठणठणीत आहे, फक्त पॉवरचं बटण झिजलंय. अनेक वर्षं अंगठ्यानं दाबल्यावर आणखी काय होणार? नवं बटण मिळेपर्यंत रीसेटवर काम चालवा. खर्च शून्य.

‘फॉरमॅट मारावा लागेल’

हे सगळं का सांगतेय? माझा मावसभाऊ नाशिकला लग्नाच्या फिल्म्स करतो. ऐन मे महिन्याची लग्नसराई, संध्याकाळी वळवाचा कडकडाट, दोनदा लाइट गेली-आली आणि त्याचं मशीन बंद. रविवारी रिसेप्शनला दाखवायची फिल्म त्यातच. तो मशीन उचलून जवळच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं झाकणही न उघडता निदान केलं : ‘मदरबोर्ड गेला. चार दिवस ठेवून जा. डेटाची गॅरंटी नाही हं, फॉरमॅट मारावा लागेल.’

तिथूनच त्याचा मला फोन. आवाज अगदी रडवेला.

‘ताई, नवरा-नवरीला काय सांगू गं? ते फेरे पुन्हा घेणारेत का?’

‘आधी एक सांग, बटण दाबल्यावर फॅन हलतो?’

‘नाही. काहीच नाही.’

‘मग फॉरमॅट कशाचा मारणार? मशीन घेऊन घरी ये.’

मंडळी, हे वाक्य पाठ करून ठेवा. फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचा मजकूर पुसणं. ज्या मशीनपर्यंत वीजच पोचत नाहीये, त्याचा डिस्कवरच्या मजकुराशी संबंध काय? घरात लाइट नाही म्हणून कुणी कपाट रिकामं करतं का? पॉवरच्या बिघाडावर फॉरमॅट हे औषध असूच शकत नाही. जो ते सुचवतो त्याला एक तर कळत नाही, किंवा तुम्हाला कळत नाही असं त्याला वाटतं.

व्हिडिओ कॉलवर आम्ही वरच्या सगळ्या पायऱ्या केल्या. स्टँडबाय दिवा विझलेला. मग शेवटची परीक्षा, पेपर क्लिपची. प्लग काढून एसएमपीएसच्या सगळ्या वायरी बोर्डापासून आणि ड्राइव्हपासून सोडवायच्या. चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरव्या वायरची पिन आणि तिच्या शेजारची काळ्या वायरची पिन वाकवलेल्या क्लिपनं जोडायची, हात दूर घ्यायचा आणि मगच प्लग लावायचा. हिरवी वायर म्हणजे मदरबोर्डानं एसएमपीएसला द्यायचा ‘ऊठ’ हा निरोप. क्लिपनं तो निरोप आपण देतो. पेटीचा फॅन फिरला तर पेटी निदान जिवंत आहे. (काही महागड्या पेट्या लोड नसताना फॅन फिरवतच नाहीत, आणि नव्या पेट्यांच्या सगळ्या वायरी काळ्या असतात. अशा वेळी, किंवा हात थरथरत असेल तर, या भानगडीत पडू नका. दुकानात एसएमपीएस टेस्टर असतो, काम दोन मिनिटांचं.)

मावसभावाची पेटी हलली नाही. त्यानं रात्री मित्राच्या पीसीचा अख्खा एसएमपीएस आणून लावला, बटण दाबलं आणि मशीन घरघरलं. मदरबोर्ड धडधाकट, फिल्म जागच्या जागी. मावशीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी नवा एसएमपीएस आणला, तीन-चार हजारांत काम झालं. रविवारी फेरे मोठ्या पडद्यावर दिसले.

पेटी उघडायची नाही म्हणजे नाही

एसएमपीएस मेलाय असं कळल्यावर काही उत्साही मंडळी त्याचेही स्क्रू काढायला बसतात. प्लीज नको. त्या पेटीत २३० व्होल्टच्या एसीचं सव्वातीनशे व्होल्टच्या वर डीसी होतं आणि कपॅसिटरमध्ये ते प्लग काढल्यानंतरही काही काळ दबा धरून असतं. पेटी बदलायची, उघडायची नाही.

नवी घेताना वजनदार आकड्यांना भुलू नका. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेल्या पेटीवर ४५० वॉट लिहिलेलं असतं, पण लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा आणि त्याला १२ नं गुणा. चांगल्या ५५० वॉटच्या पेटीत तो आकडा ४५ अँपिअरच्या आसपास असतो, म्हणजे ५४० वॉट. गुणाकार छापील वॉटच्या निम्म्यावर आला की समजायचं, हा फक्त स्टिकरचा पराक्रम. ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती वाया जात नाही ते सांगतो. असला तर उत्तम, पण वॉरंटी किती वर्षांची तेही विचारा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जाणार असाल तर हा गुणाकार येत असला की भाव करतानाही जोर येतो!

आणि एक लाखमोलाची गोष्ट. वायरी सुट्या होणारी, म्हणजे मॉड्युलर पेटी बदलताना जुन्या पेटीच्या वायरी नव्या पेटीला लावू नका. कनेक्टर सारखा दिसतो, पण पेटीच्या बाजूची पिनांची जुळणी कंपनीगणिक वेगळी असू शकते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की हार्ड डिस्क खरोखर मरते. तेव्हा मात्र मी काय, कुणीच फोनवर काही करू शकत नाही.

मशीन दुकानात, डेटा घरात

समजा सगळं करून झालं, एसएमपीएसही ठीक निघाला आणि खरंच मदरबोर्ड गेलाय. ठीक आहे, जाऊ दे दुकानात. पण ड्राइव्ह काढून ठेवा. पॉवरचा बिघाड शोधायला तुमच्या ड्राइव्हची गरज नसते. त्यात तुमचं आधार, पॅन, सॅलरी स्लिप, बँकेची स्टेटमेंट्स आणि कुणाला दाखवायचे नसलेले फोटो असतात. २००८ साली हाँगकाँगचा अभिनेता एडिसन चेन यानं दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधून त्याचे खासगी फोटो बाहेर पडले, तिथल्या सिनेसृष्टीत भूकंप झाला आणि २००९मध्ये एका टेक्निशियनला शिक्षा झाली. शिक्षा झाली, पण फोटो काही परत आले नाहीत.

काढलेला ड्राइव्ह साध्या यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावला की फाइल्स समोर. उद्याचं प्रेझेंटेशन तिथूनच!

फक्त एक अट. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं सुरू केलं असेल तर तुमचा ड्राइव्ह तुमच्या नकळत कुलूपबंद झालेला असू शकतो. २०२४च्या आवृत्तीपासून नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये हे आपोआपच होतं. सुरक्षिततेसाठी उत्तम. पण ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावला किंवा मदरबोर्ड बदलला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जपलेली असते. त्या अकाउंटचा पासवर्ड आठवतोय ना? नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ते बघा. मशीन चालू आहे तोवरच ही की शांतपणे शोधता येते.

झिणझिण्या येतात?

शेवटचं, आणि हे खास आपल्या घरांसाठी. कॅबिनेटला हात लागला की हलक्या झिणझिण्या येतात का? ‘कॉम्प्युटरला असतंच थोडं’ असं म्हणून सोडू नका. प्लगची तिसरी, जाड पिन अर्थिंगची. सॉकेटमागे अर्थिंग जोडलेलंच नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधला गळका करंट कॅबिनेटवर येऊन बसतो. आज झिणझिण्या, उद्या खराखुरा शॉक. भाड्याचा फ्लॅट असला तरी घरमालकाला सांगून इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला की प्लग भिंतीतून काढा, इंटरनेटची लॅन केबलसुद्धा. नुसता स्विच बंद करून विजेला ‘नाही’ म्हणता येत नाही.

या रविवारी तीन कामं करा. मशीन चालू असताना झाकण उघडून आतला एक फोटो काढा, म्हणजे कुठली वायर कुठं होती आणि कुठला दिवा जळत होता ते कळेल. रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. आणि ज्या फाइल्स फक्त त्याच डब्यात आहेत त्यांची एक कॉपी दुसरीकडे घ्या. मग डबा कधी ढिम्म झालाच, तर फक्त डबाच ढिम्म होईल. तुम्ही नाही!